वान्झेच्या काठची दोन घरं आणि एक इतिवृत्त

स्मरणिका समितीचा निरोप आला, "काका, तुम्ही एखाद्या वास्तूच्या इतिहासावर लिहा." आपल्या स्वतःच्या वास्तूचा इतिहास, म्हणजे बिल्डरपासून कन्व्हेयन्सपर्यंतची पंचवीस वर्षांची लढाई, या अंकात इतरांनी लिहिलीच आहे. तेव्हा मी जरा लांबची वास्तू निवडली आहे. लांबची म्हणजे थेट बर्लिनची. पण शेवटपर्यंत वाचलंत तर ती इतकी लांबची वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

मुलगी-जावई बर्लिनला असताना आम्ही उभयता तिथे तीन महिने होतो. शहराच्या नैर्ऋत्येला हाफेल नदी रुंदावून एक मोठा जलाशय झाला आहे, त्याला ग्रोसर वान्झे म्हणतात. लोकल ट्रेनने वान्झे स्टेशनवर उतरायचं आणि बसने काठाकाठाने पुढे जायचं. गर्द झाडी, शिडाच्या होड्या, पलीकडच्या तीरावर १९०७ पासूनची सार्वजनिक पोहण्याची चौपाटी. या काठावर एकाच वास्तुविशारदाने बांधलेली दोन घरं आहेत. एकातून दुसऱ्याकडे पायी दहा मिनिटांत जाता येतं. दोन्ही आज बर्लिनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत आणि दोन्ही लोकांना पाहायला खुली आहेत. मात्र एकातून माणूस प्रसन्न होऊन बाहेर पडतो, तर दुसऱ्यातून बाहेर पडल्यावर बराच वेळ बोलायला शब्द सापडत नाहीत.

प्लॉट पाडणारा बँकर

सुरुवात आमच्याच व्यवसायातल्या माणसाने केली. विल्हेल्म कॉनराड नावाच्या बर्लिनच्या बँकरला ही जागा आवडली. १८६० च्या दशकात त्याने इथे जमिनी घेतल्या आणि श्रीमंतांच्या उन्हाळी घरांसाठी प्लॉट पाडले. १८६४ मध्ये प्रशियाने डेन्मार्कविरुद्धच्या युद्धात आल्झेन नावाचं बेट जिंकलं होतं, त्यावरून वसाहतीला 'आल्झेन' हे नाव दिलं. पण नुसते प्लॉट पाडून कोण येतं? आधी रस्ता हवा, गाडी हवी. कॉनराडने रेल्वेसाठी जोर लावला आणि १८७४ मध्ये इथपर्यंत रेल्वे आली. ओसाड रानात रेल्वे कशाला, म्हणून बर्लिनकरांनी 'वान्झेबान' या नावाचा 'वानझिन्सबान' असा अपभ्रंश करून चेष्टा केली. त्याचा अर्थ वेडेपणाची रेल्वे. पुढे याच वेडेपणाच्या रेल्वेने बँकर, प्रकाशक, डॉक्टर, चित्रकार, कारखानदार सगळे इथे राहायला आले. स्टेशन झाल्यावर जमिनीचे भाव कसे चढतात, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

एक वास्तुविशारद, दोन घरं

माक्स लीबरमन हे त्या काळचे जर्मनीतले फार मोठे चित्रकार, बर्लिनच्या सधन ज्यू घराण्यातले. १९०९ मध्ये, वयाच्या एकसष्ट-बासष्टाव्या वर्षी, त्यांनी इथे पाण्यालगत प्लॉट घेतला. म्हणजे आपण निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधतो तसंच म्हणायचं. घराचं काम त्यांनी पाउल ओटो बाउमगार्टन या वास्तुविशारदाला दिलं. हाम्बुर्गजवळ एल्ब नदीकाठी तिथल्या व्यापाऱ्यांची जुनी घरं होती, तसं साधं आणि भारदस्त घर त्यांना हवं होतं. १९१० च्या उन्हाळ्यात कुटुंब राहायला आलं.

या घराची खुबी त्याच्या रेषेत आहे. रस्त्याच्या बाजूच्या बागेत उभं राहिलं की नजर घराच्या आरपार जाऊन मागच्या हिरवळीवरून थेट पाण्याला भिडते. आपल्याकडे कोकणातल्या घरांत पुढच्या दारातून परसदार दिसतं, तोच प्रकार, फक्त परसदारी विहिरीऐवजी तलाव. पुढच्या बाजूला फुलझाडांबरोबर भाजीचे वाफे. मागे एका बाजूला कापून नीट केलेल्या झाडांच्या कुंपणाने घडवलेल्या तीन हिरव्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला बर्च झाडांची वाट. ती झाडं आधीपासून होती. रस्ता आखताना ती तोडली नाहीत. काही झाडं अगदी वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि माणसांनी वळसा घालून जायचं ठरलं. आपल्या पार्किंगमधल्या आंब्याच्या वेळी जी चर्चा झाली, ती आठवून मी मनाशी हसलो. बागेची कल्पना घडवण्यात हाम्बुर्गच्या कलासंग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड लिश्टवार्क यांचा मोठा वाटा होता. लीबरमन यांनी या एका बागेची दोनशेहून अधिक तैलचित्रं काढली. एकाच बागेची!

दुसरं घर याच बाउमगार्टनने १९१४-१५ मध्ये एर्न्स्ट मार्लियर या औषधांच्या कारखानदारासाठी बांधलं. औषधं म्हणजे शक्तिवर्धक, वजन घटवणारी, जाहिरातींवर खपणारी. आपल्याकडे भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती असायच्या, त्यांतलाच प्रकार. पण पैसा उदंड. त्यामुळे प्लॉट सुमारे तीस हजार चौरस मीटरचा, म्हणजे साडेसात एकरांचा. फाटकातून आत गेलं की गोल वळण घेत घरापर्यंत येणारा गाडीरस्ता, राखाडी रंगाची दुमजली भव्य इमारत, आत मोठा हॉल, काचेच्या तावदानांची सूर्यप्रकाशाची खोली, तलावाकडे तोंड करून असलेली प्रशस्त जेवणाची खोली. लीबरमन यांचं घर संकोची आहे. हे घर आल्या माणसाला दबवतं. तरी सुंदर आहे, ते नाकारता येत नाही. आमच्या सौ. तर म्हणाल्या, "अहो, इतक्या छान जागेत कुणाला वाईट सुचेल तरी कसं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला माझ्या जुन्या सवयीचा आधार घ्यावा लागला.

सर्च रिपोर्ट

बँकेत असताना घरकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. कुठलीही इमारत दिसली की आधी नक्षी दिसत नाही, मालकीची साखळी दिसते. तीस वर्षांचा सर्च, प्रत्येक हस्तांतराचा कागद, प्रत्येक सही. तसाच या दोन घरांचा सर्च मांडतो.

मोठं घर आधी घेऊ. मार्लियरने ते १९२१ मध्ये विकलं आणि ते फ्रीडरिश मिनू या बड्या उद्योग-व्यवस्थापकाच्या ताब्यात आलं. १९४० मध्ये मिनू यांना बर्लिनच्या गॅस कंपनीला कोट्यवधींना फसवल्याबद्दल अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. कोठडीत असतानाच त्यांनी घर विकलं. खरेदीदार 'नॉर्डहाव' नावाची एक संस्था. किंमत १९ लाख ५० हजार राइशमार्क, म्हणजे बाजारभावाने. संस्थेचा लिखित उद्देश काय, तर हिटलरच्या एसएस संघटनेच्या लोकांसाठी विश्रांतिगृहं चालवणं. संस्थेचा कर्ताकरविता राइनहार्ड हायड्रिश, सुरक्षा पोलिसांचा प्रमुख. घराचं विश्रांतिगृह झालं. नोंद झाली, मोबदला दिला, कागद स्वच्छ.

आता धाकटं घर. लीबरमन १९२० ते १९३२ प्रशियाच्या कला अकादमीचे अध्यक्ष होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्यांनी अकादमी सोडली. फेब्रुवारी १९३५ मध्ये ते वारले. त्यांची मुलगी कुटुंबासह अमेरिकेत गेली. मागे पत्नी मार्था एकट्या राहिल्या. १९४० मध्ये त्यांना हे घर सरकारी पोस्ट खात्याला विकणं भाग पाडलं गेलं. तेव्हा त्यांचं वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी. घराचे पैसे आले, पण ते वापरायची मुभा त्यांना नव्हती. देश सोडण्याचे प्रयत्नही फसले. मार्च १९४३ मध्ये त्यांना टेरेझिनच्या छावणीत नेण्याचा हुकूम आला. पंच्याऐंशी वर्षांच्या या बाईंनी झोपेच्या औषधाचा मोठा डोस घेतला आणि १० मार्चला त्यांनी प्राण सोडला.

माझ्यासारख्या माणसाने ती फाइल टेबलावर पाहिली असती तर काय दिसलं असतं? विकणाऱ्याची सही आहे. खरेदीदार सरकारी खातं, म्हणजे शंकेला जागाच नाही. रक्कम ठरली आहे. खरं तर त्या एकाच वर्षी या काठावरची दोन्ही घरं विकली गेली, एक तुरुंगातल्या ठगाने आणि एक निर्दोष म्हातारीने. ठगाला बाजारभाव मिळाला आणि म्हातारीला काही नाही. तरी कागद दोघांचेही पूर्ण. टायटल क्लिअर असणं आणि व्यवहार न्यायाचा असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मला तिथे पुन्हा एकदा नव्याने कळलं.

२० जानेवारी १९४२ ची सभा

या मोठ्या घरात २० जानेवारी १९४२ रोजी एक सभा झाली. तिचं आमंत्रण आधी ९ डिसेंबरचं होतं. पण ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सभा पुढे ढकलली गेली. आमंत्रणात चर्चेनंतर अल्पोपाहार आहे, असंही कळवलं होतं. आपण आमसभेच्या नोटिशीखाली 'सभेनंतर चहापानाची व्यवस्था आहे' लिहितो, अगदी तसं.

पंधरा जण आले. अध्यक्षस्थानी हायड्रिश, वय सदतीस. बाकीचे गृह, न्याय, परराष्ट्र अशा खात्यांचे सचिव दर्जाचे अधिकारी, पक्षाचे आणि पोलिसांचे प्रतिनिधी. निम्मे तरी चाळिशीच्या आतले, पंधरापैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. म्हणजे अडाणी, गुंड माणसं नव्हेत. शिकलेली, फायली वाचणारी, नियम जाणणारी माणसं. इतिवृत्त लिहिण्याचं काम आडोल्फ आइखमानकडे होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्यूंना मारायचा निर्णय या सभेत झाला, असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. कत्तली आधीच सुरू झाल्या होत्या. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हजवळच्या बाबी यार घळीत दोन दिवसांत ३३,७७१ माणसं गोळ्या घालून मारली गेली होती. डिसेंबरात पोलंडमधल्या खेल्मनो इथे विषारी वायूच्या गाड्या चालू झाल्या होत्या. मग सभा कशासाठी? समन्वयासाठी. न्याय, परराष्ट्र, गृह, सगळ्या खात्यांनी एका माणसाच्या हाताखाली एका दिशेने काम करावं आणि नंतर कुणी 'आम्हाला विचारलं नव्हतं' म्हणू नये, यासाठी. सरकारी भाषेत यालाच कार्यवाही सुलभ करणं म्हणतात.

इतिवृत्त पंधरा पानांचं आहे. त्या जेवणाच्या खोलीत त्याची पानं मांडली आहेत. मुलगी वाचून अर्थ सांगत होती आणि मी आकडे पाहत होतो, कारण आकड्यांना भाषा लागत नाही. सहाव्या पानावर युरोपातल्या देशांची यादी आणि प्रत्येकापुढे ज्यूंची संख्या. इंग्लंड ३,३०,०००. स्वित्झर्लंड १८,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. म्हणजे न जिंकलेले आणि तटस्थ देशही धरले आहेत. एस्टोनियापुढे आकडाच नाही, 'ज्यूमुक्त' असा शेरा आहे. तिथलं काम संपलं होतं. खाली बेरीज, एक कोटी दहा लाखांहून जास्त. डाव्या बाजूला देश, उजवीकडे रक्कम, तळाशी एकूण. असली स्टेटमेंट मी आयुष्यभर हेड ऑफिसला पाठवली. म्हणूनच ते पान मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

मारणे हा शब्द त्या पंधरा पानांत नाही. 'पूर्वेकडे स्थलांतर' आहे. कष्टाच्या कामात बरेच जण 'नैसर्गिकरीत्या कमी होतील' आणि जे उरतील त्यांना 'योग्य ती वागणूक' द्यावी लागेल, असं आहे. पुढे १९६१ मध्ये जेरुसलेमच्या खटल्यात आइखमानने सांगितलं की प्रत्यक्ष बोलणं उघड उघड मारण्याच्या पद्धतींबद्दल चाललं होतं. कागदावर ते सौम्य करून घेतलं गेलं.

कुणी विरोध केला का? इतिवृत्तात विरोध नाही. सूचना मात्र आहेत. एकाने सुचवलं, सुरुवात आमच्या ताब्यातल्या पोलंडपासून करा. एकाने विनंती केली, शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतल्या ज्यू कामगारांना बदली माणसं मिळेपर्यंत हलवू नका. मिश्र विवाहातल्या संततीचं काय करायचं, यावर बराच खल झाला. तिथे कायद्याच्या जाणकाराने सक्तीने नसबंदी करण्याचा उपाय पुढे केला. 'हे करायचं का?' हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळ्यांचे प्रश्न 'कसं?' आणि 'आधी कुठे?' एवढेच. सुमारे दीड तासात सभा संपली. नंतर खाणं झालं, आइखमानच्या सांगण्यानुसार शेकोटीपाशी कोन्याकही झाली. महायुद्ध संपेपर्यंत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

आपल्याकडे घरात अभद्र बोललं की म्हातारी माणसं दटावायची, "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते." त्या खोलीत खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या पाण्याकडे पाहताना मला हेच आठवलं. पण भिंतींनी तथास्तु म्हटलं नव्हतं. टेबलाभोवतीच्या शिकलेल्या माणसांनी म्हटलं होतं. सौ.च्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. सुंदर घर माणसाला चांगलं करत नाही आणि वाईटही करत नाही. बाउमगार्टनने दोन्ही घरं सारख्याच निगुतीने बांधली होती.

सोळावी प्रत

इतिवृत्ताच्या तीस प्रती काढल्या होत्या. पराभव दिसू लागल्यावर त्या नष्ट झाल्या. पण परराष्ट्र खात्याच्या फायलीत सोळाव्या क्रमांकाची प्रत तशीच राहिली आणि मार्च १९४७ मध्ये न्युरेंबर्ग खटल्यांचे पुरावे धुंडाळणाऱ्यांना ती सापडली. आज जगाला त्या सभेबद्दल जे ठाऊक आहे ते मुख्यतः त्या एका प्रतीमुळे. ज्या कागदाने गुन्हा झाकला, त्याच कागदाने तो उघडकीस आणला. कुठल्या तरी कारकुनाने प्रत फायलीला लावली आणि नियमानुसार जपली, एवढंच.

युद्धानंतर घरात आधी परकीय सैन्य, मग काही वर्षं एक राजकीय अभ्याससंस्था आणि १९५२ पासून शाळकरी मुलांचं सहलनिवास. छत्तीस वर्षं तिथे मुलं येऊन राहिली, तलावाकाठी खेळली. या घराचा इतिहास जगासमोर यावा यासाठी धडपडला तो योझेफ वुल्फ. हा आउशविट्झमधून वाचलेला इतिहासकार. नाझी काळातली मूळ कागदपत्रं त्याने अनेक ग्रंथांतून छापली. १९६५ पासून तो मागणी करत होता की इथे दस्तऐवज केंद्र करा. बर्लिनच्या कारभाऱ्यांनी ऐकलं नाही. मुलांची जागा का काढता, जुन्या जखमा कशाला उकरता, असा सूर होता. मारेकरी मोकळे फिरतात, आपापल्या घरात फुलझाडं लावत बसतात, अशी खंत त्याने मुलाला लिहिलेल्या पत्रात मांडली आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेऊन जीव दिला. सभेला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, २० जानेवारी १९९२ ला, घराचं स्मारक झालं. तिथल्या ग्रंथालयाला आता योझेफ वुल्फचं नाव आहे. ज्याचा अर्ज फेटाळला, त्याचंच नाव दारावर.

लीबरमन यांच्या घराचीही परवड झाली. युद्धकाळात लष्करी रुग्णालय, नंतर नागरी रुग्णालयाचा विभाग. १९५१ मध्ये ते कायदेशीरपणे मुलीला परत मिळालं, पण ती न्यूयॉर्कला. १९५८ मध्ये वारसांनी ते शहराला विकलं. १९७२ पासून तिथे पाणबुड्यांचा क्लब होता. बाग मोडली होती. १९९५ मध्ये काही नागरिकांनी एकत्र येऊन लीबरमन यांच्या नावाने संस्था काढली. अर्ज, बैठका, देणग्या, स्वयंसेवक, हे सगळं आपल्याला माहीतच आहे. अकरा वर्षांच्या खटपटीनंतर, एप्रिल २००६ मध्ये, संग्रहालय उघडलं. चित्रांमध्ये पाहून आणि जुने फोटो धरून बाग पुन्हा लावली. कोबीचे वाफेसुद्धा जागच्या जागी.

संरक्षित वास्तू म्हणजे काय, ते मला या दोन घरांनी शिकवलं. पहिलं सुंदर होतं म्हणून जपलं. दुसरं सुंदर आहे म्हणून नव्हे, तर त्या खोलीत काय बोललं गेलं हे विसरू नये म्हणून जपलं. ते पाडून तिथे चांगला टॉवर उठला असता, पाण्यालगतच्या जागेला काय भाव आला असता! पण मग ते इतिवृत्त नुसतं कागद राहिलं असतं. खोली आहे, खिडकी आहे, पलीकडे पोहणारी माणसं दिसतात, म्हणून त्या कागदावर विश्वास बसतो.

आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी नऊ वर्षं इतिवृत्तं लिहिली. पाणीपट्टी, लिफ्ट, गळती, भाडेकरूंना कोणत्या अटी घालायच्या, कुणाला फ्लॅट देताना ना-हरकत द्यायची. विषय किती साधे! वान्झेशी त्यांची तुलना करणं वेडेपणाचं होईल आणि मी ती करत नाही. पण 'ठराव सर्वानुमते मंजूर' हे तीन शब्द लिहिताना आता मी एकदा थांबून मान वर करून पाहावं असं म्हणतो, की खरंच सर्वांचं मत आहे, की सगळ्यांना चहाची घाई आहे? ज्याच्याबद्दल ठराव आहे, तो माणूस या खोलीत आहे का? नसेल, तर त्याच्या बाजूने एखादा शब्द बोलणारं कुणी आहे का?

आपल्या तरुण कार्यकारिणीला माझी एवढीच विनंती आहे. पहिल्या सभेपासूनची सगळी इतिवृत्त-पुस्तकं कपाटात नीट ठेवा, वाळवी लागू देऊ नका. आणि सभेत एखाद्याने वेगळं मत मांडलं, तर त्याचं नाव घालून ते लिहा. पंचवीस वर्षांनी, सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, आपण कसे राहिलो हे इमारतीच्या रंगावरून नाही कळायचं, त्या पानांवरून कळेल. वास्तूला तथास्तु म्हणायला आपण चांगलं काही देत राहू या. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.